येरुतीच्या कॉम्प्युटरला झालं होतं तरी काय

ओव्हिएदो,
रविवार, सगळं गाव दुपारचं झोपलेलं असताना

प्रिय गुमेर्सिंदो दादास,

धाकट्या लिदुविनोचा मनापासून नमस्कार. ओब्दुलिया वहिनींनाही सांग. तुझ्या पित्ताशयातला खडा आता कुठवर आला, आणि डॉक्टरांनी बंद केलेलं तळलेलं डुकराचं मांस तू खरंच सोडलंस की वहिनी माहेरी गेल्या की चालू होतं, तेही कळव. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत, यापलीकडे तूर्त काही सांगवत नाही. माझ्या झुनिल्दाची कंबर बरी आहे. सासूबाई ऐंशी ओलांडूनही आमच्या सगळ्यांपेक्षा बऱ्या आहेत. आमची लेक येरुती, तुझी धर्मकन्या, दोन्ही हात जोडून तुझा आशीर्वाद मागते. तो तू मनातल्या मनात देऊन टाक आणि पुढे वाच. हात मात्र मोकळे ठेव, कपाळावर मारून घ्यायला लागतील.

तुला आठवत असेल, मागच्या हिवाळ्यात मला हरभऱ्याच्या झाडावर तूच चढवलंस. तयार कॉम्प्युटर घेऊ नकोस, सीमेवरच्या बाजारातून सुटे भाग आण आणि स्वतः जोड, असं तूच म्हणालास. लग्नाच्या मांडवात एवढे लाऊडस्पीकर उभे करतोस, कुठली वायर कुठे जाते ते डोळे मिटून सांगतोस, तुला काय अवघड आहे, हेही तूच. मी फुगलो. (मी फुगतो हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे आणि तू त्याचा फायदा घेत आलास.) जेवणाच्या टेबलावर चादर पसरून मी ते यंत्र जोडलं. प्रोसेसर बसवताना घरात कोणाला शिंकू दिलं नाही. शेवटी काही स्क्रू उरले, ते अजून माझ्या शर्टाच्या खिशात आहेत. पण बटण दाबलं आणि आतले दिवे लागले, पंखे फिरले, तेव्हा झुनिल्दाच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही तोंड फिरवून उभा राहिलो.

आता हे सगळं कशासाठी, तर येरुतीसाठी. पोरगी दिवसभर फार्मसीत उभी राहून लोकांना खोकल्याची औषधं विकते, आणि घरी आली की बंदूक घेते. म्हणजे पडद्यावर. पाच जण विरुद्ध पाच जण, भिंतीआड लपायचं आणि एकमेकांना टिपायचं, असा तो खेळ. मला वाटलं होतं हा पोरखेळ आहे. पण तुमच्या राजधानीत, असुन्सियोनमध्ये, या खेळाचा एक मोठा संघ आहे, त्यांना पगार मिळतो, बाहेरदेशी सामने असतात, आणि त्यांनी आपल्या येरुतीला पाहून ठेवलं होतं. जानेवारीभर दर शनिवारी संध्याकाळी आमच्याबरोबर घरूनच खेळ, चांगली खेळलीस तर घेऊ, असा त्यांचा निरोप आला. दादा, पोरगी त्या दिवशी चिपा खायची विसरली. ताजी, गरम, चीजची चिपा! तेव्हा मला कळलं की हे प्रकरण साधं नाही, पोरीचा सगळा जीव यात अडकलाय.

आणि पहिल्याच शनिवारी यंत्र हँग झालं. येरुती भिंतीआड बंदूक रोखून उभी, समोर शत्रू, आणि ती तशीच उभी राहिली. पडदा गोठला. आवाज तेवढा एकाच अक्षरावर अडकून गर्रर्र करत राहिला. चित्र पुन्हा हललं तेव्हा पोरगी मरून पडली होती आणि बाकीचे चौघे तिच्या नावाने ओरडत होते. पुढची फेरी सुरू व्हायची तर बाकीचे मैदानात उतरून स्थिरस्थावर झाले तरी आमच्याकडे ते गोल चक्र फिरतंच आहे, फिरतंच आहे. मी उभा होतो तो मटकन खाली बसलो, आणि खाली खुर्ची नव्हती. संघाची कप्तान एक मुलगी आहे, तिने फार सभ्यपणे विचारलं, तुमच्याकडे नेट जरा मंद आहे का? त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग सुरू झाले माझे उपाय. आधी धूळ. आपल्याकडची लाल माती तुला सांगायला नको, ती बंद पेटीतल्या लग्नाच्या कोटातसुद्धा शिरते. मी यंत्र उचलून मागच्या पडवीत इस्त्रीच्या टेबलावर नेलं (उचलण्याआधी सासूबाईंनी त्यावरची आपल्या सान ब्लास संताची मूर्ती काढून घेतली, खालच्या कापडाची घडी केली, सगळं रीतसर), कॅबिनेट उघडलं, लाऊडस्पीकर साफ करायचा ब्लोअर लावला आणि निम्मा जिल्हा बाहेर काढला. मग दुपारभर गाव घोरत असताना मी एकटा जागा राहून तो खेळ खेळलो. सारखा मेलो, पण यंत्र एकदाही अडकलं नाही. छाती फुगवून ते पुन्हा समोरच्या खोलीत जागेवर ठेवलं. शनिवारी संध्याकाळी सामन्यात अगदी ऐन वेळी गर्रर्र.

म्हटलं, व्होल्टेज. जानेवारी म्हणजे आपला भर उन्हाळा, त्या उकाड्यात संध्याकाळ झाली की सगळी गल्ली एसी लावते आणि आपले दिवे कावीळ झाल्यासारखे पिवळे पडतात. त्यातून शेजारचा दिओनिसियो बर्फ विकतो, त्याचे ते भलेमोठे फ्रीझर. मी जाऊन त्याला समजावलं की शनिवारी संध्याकाळपुरते फ्रीझर बंद ठेव, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तो म्हणाला, माझ्या बर्फाचं पाणी झालं तर ते तू पिणार का? मी काहीतरी बोललो, तोही काहीतरी बोलला. तेव्हापासून आमच्या घरी बर्फ येणं बंद आहे. बर्फ घालून गारेगार प्यायचा तो तेरेरेचा काढा, भर जानेवारीत आम्ही नळाच्या कोमट पाण्यात पितोय, दादा. सासूबाई प्रत्येक घोटाला माझ्याकडे बघतात. मी वासरासारखा जड स्टॅबिलायझर विकत आणला. शनिवारी पुन्हा यंत्र हँग, आणि हा स्टॅबिलायझर बाजूला हिरवा दिवा लावून मख्ख बसलेला.

मग मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांच्या कडा खोडरबराने घासल्या. विंडोज पुसून नव्याने टाकलं. आणि आता तुझ्याकडे येतो. तू जी डिस्क मला दिलीस, "ऑफिसातली आहे, फारशी वापरलेली नाही" असं वहिनींच्या समोर छातीवर हात ठेवून सांगितलंस, ती मी तपासली. तिच्यात तुझ्या लग्नाचे फोटो निघाले. त्या फोटोंत तुला केस आहेत! मी सुन्न झालो. इतकी म्हातारी डिस्क मी पोरीच्या यंत्रात घातली होती आणि खेळ उघडायला वेळ लागतो म्हणून सगळ्या जगाला शिव्या देत होतो. नवीन डिस्क बसवली तर काय, ते गोल चक्र दिसायच्या आत मैदान हजर. म्हणजे निम्मं दुखणं तुझं होतं हे सिद्ध झालं. पण उरलेलं निम्मं तसंच राहिलं. पडवीत यंत्र गुणी बाळासारखं चालायचं आणि समोरच्या खोलीत, शनिवारी, सामन्यातच अडकायचं. मला तर वाटायला लागलं की त्याला वार कळतात.

सासूबाईंचं मात्र मला कौतुक वाटत होतं. दर शनिवारी येरुती खेळायला बसली की त्या तिच्यासाठी सान ब्लासपुढे मेणबत्ती लावायच्या आणि माळ घेऊन मागे आरामखुर्चीत बसायच्या. एरवी मला जावई म्हणायलाही त्यांना जड जातं, पण नातीसाठी केवढी माया! मी इतका विरघळलो की चौथ्या शनिवारी चर्चजवळच्या दुकानातून मीच त्यांना चांगली जाड मेणबत्ती आणून दिली. म्हटलं, सासूबाई, आज ही लावा, जास्त वेळ जळेल. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. त्या शनिवारी यंत्र सामन्यात दोनदा अडकलं आणि नंतर बंदच पडलं.

कप्तान मुलीचा निरोप आला. अजून एक शनिवार बघू, तेव्हाही असंच झालं तर एन्कार्नासियोनची एक मुलगी आहे, तिला घ्यावं लागेल, वाईट वाटून घेऊ नकोस. येरुती रडली नाही. ती उठली, फार्मसीचा पांढरा कोट घेतला आणि इस्त्री करायला लागली. एकच बाही, पुन्हा पुन्हा. दादा, यंत्र मी जोडलेलं, बढाया मी मारलेल्या, आणि माझ्यापायी पोरगी जन्मभर खोकल्याची औषधं विकणार.

शुक्रवारी मी ते शेवटचं उघडलं, या वेळी वरच्या बाजूने. वरच्या जाळीखाली जे पंखे असतात ना, गरम हवा बाहेर फेकणारे, त्यांतला एक हलेना. पात्यांवर पांढरं काहीतरी थिजलेलं. मी हादरलो. प्रोसेसरवर जे पांढरं मलम लावतात ते मी जास्त थापलं आणि ते उतू जाऊन पंख्यात गेलं, असं माझ्या डोक्याने घेतलं. (खालचं मलम वर कसं चढेल हा प्रश्न मला पडला नाही, त्यावरून माझी तेव्हाची अवस्था ओळख.) मी झुनिल्दाला हाक मारून माझा गुन्हा कबूल करायला सुरुवात केली. तिने नखाने ते पांढरं खरवडलं, बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. मग हळूच मान वळवून फ्रिजवर पाहिलं. तिथे यंत्र दुरुस्त होईपर्यंत सासूबाईंनी सान ब्लासला तात्पुरतं बसवलं होतं.

"लिदुविनो," ती म्हणाली, "हे मेण आहे."

दादा, मी आंधळा आहे का? आम्ही सगळेच आंधळे आहोत का? त्या यंत्राला वरून श्वास सोडायचा असतो. आणि त्याच्या नेमक्या त्या नाकावर दुहेरी घडीचं, खळ घालून कडक केलेलं भरतकामाचं कापड, त्यावर तो हातभर लाकडी सान ब्लास, त्याच्या पायाशी मेणबत्ती, आणि भरतकामाच्या भोकांतून मेण थेंबथेंब पंख्यात. वरून आग आणि खालून आग. बाहेर उन्हाळा, ते वेगळंच. मी ते यंत्र सारखं पडवीत नेत होतो, सारखं जागेवर ठेवत होतो, आणि दर वेळी सान ब्लास आधी उतरत होता, मग चढत होता, माझ्या डोळ्यांदेखत! पण तूच सांग, आपल्याकडे असं कोणाच्या मनात येईल का? टीव्ही आला तेव्हा तो टीव्हीवर बसला, फ्रिज आला तेव्हा फ्रिजवर बसला, घरात जी वस्तू सगळ्यात मोलाची तिच्यावर त्याने बसायचं, हे आपल्या आईच्या घरीही असंच होतं. तो घरातला माणूस. चोरी झाली तर घरातल्या वडीलमाणसाचे खिसे कोण तपासतं?

तरी मी म्हटलं, म्हातारीने भक्तीपोटी केलं, तिला काय ठाऊक. संध्याकाळी सगळे अंगणात तेरेरे घेऊन बसलो तेव्हा मी फार गोड आवाजात सासूबाईंना समजावलं की सान ब्लासची जागा आपण थोडी बदलू, यंत्र तापतं, म्हणून अडकतं. येरुती तिथेच होती. सासूबाईंनी पेला रिकामा केला, झुनिल्दाकडे परत दिला आणि म्हणाल्या, "मला माहीत आहे."

मग झुनिल्दाने विचारलं, आई, काय माहीत आहे?

"मी काही यंत्र बिघडव म्हणाले नाही," सासूबाई म्हणाल्या. "पोरगी जाऊ नये एवढंच मागितलं. कसं करायचं ते त्याचं तो बघतो."

मी ऐकलं ते बरोबर ऐकलं का म्हणून मी झुनिल्दाकडे पाहिलं, तर तिचं तोंड उघडंच. महिनाभर आम्ही समजत होतो की म्हातारी नातीच्या विजयासाठी मेणबत्ती लावते, आणि ती मागे बसून नात हरावी म्हणून माळ ओढत होती. आणि जाड मेणबत्ती मी आणून दिली! सासूबाईंनी पुढे शांतपणे सगळं सांगितलं. दोन मुलगे अर्जेंटिनाला गेले, एक मुलगी स्पेनला म्हाताऱ्यांचं करायला गेली, सगळ्यांनी लवकर येतो म्हणून सांगितलं होतं. आता ही एक नात उरली आहे, हिला मी राखणार. सान ब्लासला नवा अंगरखा बोलले आहे, तो शिवायलाही टाकला आहे. आता त्याची यंत्रावरची जागा कोणी बदलायची नाही. नवस बोललेला देव त्याच्या जागेवरून मी उचलून ठेवू? माझी छाती नाही, आणि उद्या काही वाईट घडलं तर सगळं खापर माझ्या डोक्यावर.

येरुती रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. ती उठली, आजीच्या समोर येऊन जमिनीवर बसली, दोन्ही हात जोडले, लहानपणी जोडायची तसे, आणि म्हणाली, "आजी, आशीर्वाद दे. उद्या माझा सामना आहे."

सासूबाईंनी मान फिरवली. पोरगी हात जोडून तशीच बसून राहिली. दादा, आशीर्वाद मागितल्यावर नाही म्हटलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, भांडणात नाही आणि मरणाच्या दारातही नाही. तेरेरेचा पेला झुनिल्दाच्या हातात तसाच राहिला. शेवटी म्हातारीचा हात उचलला गेला, पोरीच्या डोक्यावर गेला, आणि सासूबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या की देव तुझं भलं करो. मग त्या स्वतः उठल्या, आत गेल्या आणि ती कापडाची घडी आपल्या कपाटात ठेवून आल्या. मी रुमाल शोधत बसलो, तर खिशात स्क्रूच स्क्रू.

शनिवारचा सामना म्हणजे काय सांगू! पंख्यातलं मेण मी काडीने, पिनने, शेवटी झुनिल्दाच्या भुवया उपटायच्या चिमट्याने काढलं होतं. यंत्राच्या वर काही नाही, बाजूला काही नाही. सासूबाई आरामखुर्चीत, मांडीवर सान ब्लास, त्याचं तोंड पडद्याकडे. आशीर्वाद दिलाय तर बघायला नको का, म्हणाल्या. यापूर्वी त्यांनी तो खेळ कधी डोळे उघडून पाहिलाच नव्हता, माळ ओढताना त्या डोळे मिटायच्या. नात माणसं मारते हे पाहून त्या पहिल्या फेरीत इतक्या हबकल्या की त्यांनी सान ब्लासच्या डोळ्यांवर हात ठेवला. दुसऱ्या फेरीत हात काढला. तिसऱ्या फेरीत त्या येरुतीला सांगत होत्या की तो निळ्या टोपीवाला जिन्याखाली दडलाय, आणि तो खरंच तिथे होता. मी बाकी काही पाहिलंच नाही, माझा हात वरच्या जाळीवर, गरम हवा भसाभसा बाहेर येतेय, आणि मी मनात म्हणतोय, चालू राहा बाबा, चालू राहा. चालू राहिलं. एकदाही अडकलं नाही. शेवटच्या फेरीत आपली पोरगी एकटी उरली, समोर दोघे, आणि तिने दोघांनाही टिपलं. भिंतीपलीकडून दिओनिसियो ओरडला की कोण मेलं तुमच्याकडे, इतका आम्ही आरडाओरडा केला.

तिला घेतलं, दादा. निरोप लगेच आला. मी अंगणभर नाचलो, स्पीकर बाहेर काढून पोल्काची धून लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर झुनिल्दा येरुतीचे कपडे घडी करून बॅगेत भरतेय. मी दारातच थबकलो. महिनाभर मी एवढा जिवाचा आटापिटा केला तो पोरगी घरातून जावी म्हणून, हे तोवर माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. ते फक्त म्हातारीला कळलं होतं. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा मला "बाळ" म्हणून हाक मारली. मला फार भीती वाटली.

असो. दुपार संपत आली, लोक उठतील. वहिनींना नमस्कार, खड्याला माझा राग सांग.

तुझा,
लिदुविनो

ता. क. हे पत्र मी येरुतीच्याच हाती देतोय. म्हणजे तू हे वाचतोयस तेव्हा ती बॅग आणि मोठं खोकं घेऊन तुझ्या दारात उभी आहे. तुला आधी विचारायला हवं होतं, पण संघाच्या घरात सगळी पोरंपोरी एकत्र राहतात असं कळल्याबरोबर झुनिल्दाने "ती धर्मपित्याकडेच राहील" असं परस्पर कळवून टाकलं. तू एवढी पानं दारात उभ्याने वाचली असशील तर आधी पोरीला आत घे, माणसा.

ता. क. २. खोक्यात यंत्र आहे. वहिनींना सांग, त्यावर कुंडी नाही, कापड नाही, वर्तमानपत्रसुद्धा नाही.

ता. क. ३. हे मात्र तिच्यासमोर मोठ्याने वाचू नकोस. तुझ्या कपाटात जुनं ग्राफिक कार्ड, मेमरी, पॉवर सप्लाय, जे काही पडलं असेल ते मला परतीच्या बसने पाठव. मला दुसरं यंत्र जोडायचंय. पोरगी फोन उचलत नाही हे तुला ठाऊकच आहे, पण रात्रीच्या जेवणाआधी ती रोज त्या मैदानात असते, आणि तिथे कोणालाही येता येतं. मला तो खेळ येत नाही, पहिल्या मिनिटाला मरेन. झुनिल्दा म्हणाली, पोरगी बापाला गोळी घालेल, ते बघवेल का तुला? मी म्हटलं, घालू दे. गोळी घालायला तरी ती रोज माझ्यासमोर येईल.